किनाऱ्यावरची पलटण आणि चोवीस महिने: युद्धोत्तर पूर्व आशियाच्या इतिहासातील एका पोस्टडॉक अर्जाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. उमेदवार, विद्यापीठ आणि निवड समिती कल्पित आहेत. इतिहास, अभिलेखागारे आणि कागदपत्रांतल्या अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि या विषयात अर्ज करणाऱ्या कोणालाही त्या भेटणारच आहेत.

जागा आणि उमेदवार

युरोपातल्या एका विद्यापीठात ‘युद्धोत्तर पूर्व आशियाचा इतिहास’ या विषयात पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठराविक मुदतीच्या संशोधनाची, एक जागा निघाली. मुदत २४ महिने. पीएचडी होऊन पाच वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा आणि पूर्व आशियातील किमान एका भाषेतले मूळ कागद वाचता यावेत, या दोन मुख्य अटी. अर्जासोबत दोन पानी पत्र, पाच पानी संशोधन आराखडा, दहा हजार शब्दांपर्यंतचा लेखननमुना आणि दोन शिफारसपत्रे.

उमेदवार महाराष्ट्रातले. प्रबंध कोरियन युद्धातील कैद्यांच्या प्रश्नात भारताने बजावलेल्या भूमिकेवर. पुण्यात राहून जपानी शिकलेले, जपानी भाषेच्या ‘जेएलपीटी’ परीक्षेची एन-टू पातळी पार केलेली. चिनी आणि कोरियन येत नाही. पहिला आराखडा त्यांनी प्रबंधाचाच विस्तार म्हणून लिहिला, आणि अर्ज पाठवण्याआधी तो दोन जाणकारांना वाचायला दिला. दोघांनीही तो परत पाठवला. तो का परत आला आणि त्याचे पुढे काय झाले, हाच या अभ्यासाचा विषय.

पहिला आराखडा: विषय मोठा, पण पायाखाली कागद नाहीत

विषय वजनदार होता यात शंका नाही. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे शस्त्रसंधी झाली, तेव्हा मायदेशी परतायला नकार देणारे सुमारे २२,६०० कैदी संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे होते. त्यांत सुमारे १४,७०० चिनी आणि ७,९०० कोरियन. दुसऱ्या, म्हणजे चीन आणि उत्तर कोरियाच्या, बाजूकडे असे ३५९ कैदी होते. या सगळ्यांना तटस्थ राष्ट्रांच्या प्रत्यावर्तन (मायदेशी परत पाठवण्याच्या) आयोगाच्या ताब्यात द्यायचे ठरले. आयोगात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. अध्यक्ष भारताचे लेफ्टनंट जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा ठेवणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून इंचॉनच्या समुद्रातल्या जहाजांवरून त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. शेवटी संयुक्त राष्ट्रांकडून आलेल्या कैद्यांपैकी ४४० चिनी आणि १८८ कोरियन तेवढे मायदेशी गेले. दोन्ही बाजूंचे मिळून ८८ जण भारतीय दलाबरोबर भारतात आले.

मराठी वाचकाला हे वाचताना छाती भरून येते, आणि तशी ती यावीही. पण निवड समितीच्या हाती हा आराखडा पडला असता तर तिने तीन ठिकाणी बोट ठेवले असते.

पहिले बोट ‘युद्धोत्तर’ या शब्दावर. कोणते युद्ध? जपानमध्ये ‘सेंगो’ म्हटले की १९४५ नंतरचा काळ. कोरियात ‘जॉन्हू’ हा शब्द साहित्याच्या इतिहासात प्रामुख्याने १९५३ नंतरच्या काळासाठी वापरला जातो, कारण तिथे त्या पिढीचे ‘युद्ध’ म्हणजे कोरियन युद्ध. चीनमध्ये १९४५ नंतर लगेच यादवी पेटली आणि १९४९ ला सत्ता पालटली. तिथे ‘युद्धानंतर’ नावाचा शांत कालखंड दाखवणेच अवघड. आराखड्यात हा शब्द सतरा वेळा आला होता आणि एकदाही त्याचा अर्थ सांगितलेला नव्हता. ही शाब्दिक चूक वाटते, पण परिणाम दूरचा आहे. कालखंड कोणाच्या घड्याळाने मोजायचा हे ठरले नाही, तर कोणत्या देशाचे कागद मध्यभागी ठेवायचे हेही ठरत नाही.

दुसरे बोट भाषेवर. या विषयाचे मूळ कागद चिनी, कोरियन आणि इंग्रजीत आहेत. उमेदवाराची भाषा जपानी. जपानी लिपीतली चित्राक्षरे येत असल्यामुळे १९५० च्या दशकातले दक्षिण कोरियाचे मिश्रलिपीतले (चित्राक्षरे आणि कोरियन लिपी मिसळलेले) सरकारी कागद ‘थोडेफार कळतील’, असा युक्तिवाद आराखड्यात होता. तो टिकत नाही. शब्द ओळखीचा वाटला तरी वाक्याचा कणा कोरियन प्रत्ययांत असतो. ‘परत पाठवावे’ आणि ‘परत पाठवू नये’ यांतला फरक नेमका तिथेच दडतो, आणि या विषयाचा सगळा प्राण त्या फरकात आहे.

तिसरे बोट उपलब्धतेवर. आराखड्यात पाच देशांतली अकरा अभिलेखागारे होती. त्यांत बीजिंगमधले परराष्ट्र मंत्रालयाचे अभिलेखागार पहिल्या क्रमांकावर. ते २००४ मध्ये संशोधकांसाठी खुले झाले खरे, पण २०१२-१३ च्या सुमारास तिथल्या बहुसंख्य फाईली पुन्हा बंद झाल्या. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकाच्या तळटीपेतून उचललेला फाईल क्रमांक म्हणजे आज ती फाईल मिळण्याची हमी नव्हे. हे ज्यांना माहीत असते त्यांना आराखड्याच्या पहिल्या पानावरच कळते की उमेदवाराने चौकशी केलेली नाही.

कैद्यांचा विषय वाईट नव्हता. त्याच्यासाठी लागणारी माणसे आणि भाषा वेगळ्या होत्या, इतकेच. तो प्रबंधातल्या प्रकरणाच्या रूपाने लेखननमुना म्हणून ठेवला आणि नवा प्रश्न शोधायचे ठरले.

नवा प्रश्न: १९४६-४७, जपानचा पश्चिम किनारा

प्रश्न शोधताना क्रम उलटा केला. आधी उमेदवाराला काय वाचता येते ते पाहिले: छापील आणि टंकलिखित जपानी, इंग्रजी, मराठी, हिंदी. मग या भाषा जिथे एकत्र येतात असा पूर्व आशियातला प्रसंग शोधला. तो थिमय्यांच्याच आयुष्यात सापडला. १९५३ च्या सात वर्षे आधी ते ब्रिगेडियर म्हणून जपानमध्ये होते.

जपान शरण गेल्यावर १९४६ च्या सुरुवातीला ब्रिटिश राष्ट्रकुलाचे ताबा-सैन्य तिथे दाखल झाले. मुख्यालय कुरे बंदराच्या परिसरात. त्यातल्या ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल कोवन, आणि डिव्हिजनचे मुख्यालय ओकायामात. तिच्यातल्या २६८ व्या भारतीय ब्रिगेडचे नेतृत्व थिमय्यांकडे. ब्रिगेडमध्ये तीन पलटणी: पहिल्या पंजाब रेजिमेंटची पाचवी, पाचव्या रॉयल गुरखा रायफल्सची दुसरी आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली, म्हणजेच जंगी पलटण. १९४७ मध्ये भारतीय तुकड्या परतल्या.

याच काळात जपानच्या समुद्रात माणसांची प्रचंड उलथापालथ चालू होती. साठ लाखांहून अधिक जपानी सैनिक आणि नागरिक बाहेरून परत येत होते. जपानमधल्या सुमारे वीस लाख कोरियन माणसांपैकी बहुसंख्य कोरियात परतली. पण जाताना सोबत फक्त एक हजार येन रोख नेता येत होते, आणि कोरियात घर, काम, धान्य यांची ददात. त्यामुळे अनेकजण छोट्या होड्यांतून रात्रीचे परत जपानकडे येऊ लागले. १९४६ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात पटकीची साथ पसरली. जूनमध्ये ताबा-सत्तेने, म्हणजे जपानवर ताबा ठेवणाऱ्या अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या मुख्यालयाने, बेकायदा प्रवेश रोखण्याचा आदेश काढला आणि कालपर्यंत ‘परतणारी माणसे’ असलेली तीच माणसे ‘बेकायदा प्रवेश करणारे’ झाली. कोरियाच्या समोरचा होन्शूचा किनारा राष्ट्रकुल सैन्याच्या विभागात होता. त्या किनाऱ्यावरच्या गस्तीत भारतीय सैनिकही होते.

नवा प्रश्न असा मांडला: स्वतः वसाहतीतून आलेल्या सैनिकांनी, नुकत्याच वसाहतीतून सुटलेल्या माणसांना, पराभूत साम्राज्याच्या किनाऱ्यावर अडवले. तेव्हा प्रजा, नागरिक आणि परका या तिन्हींची रेषा कागदावर कोणी आखली, आणि किनाऱ्यावर प्रत्यक्षात कशी पाळली गेली? या प्रश्नात भारत आहे, पण शोभेला नाही. २ मे १९४७ च्या परदेशी नागरिक नोंदणी आदेशापर्यंत जाणारी जपानी वाट त्यातून दिसते, म्हणून तो पूर्व आशियाच्या इतिहासाचा प्रश्न ठरतो. आणि ‘युद्धोत्तर’चा अर्थही इथे आपोआप ठरतो: शरणागतीपासून नोंदणी आदेशापर्यंतचे वीस महिने.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो, ती या उमेदवारानेही मसुद्यात केली: ‘भारतीय सैन्याने ओकायामात शासन चालवले.’ तसे नव्हते. राष्ट्रकुल सैन्याकडे त्याच्या विभागात लष्करी पहारा, शस्त्रे नष्ट करणे, गस्त ही कामे होती. लष्करी प्रशासन अमेरिकन तुकड्यांकडेच होते, आणि रोजचा कारभार जपानी प्रांतिक सरकार आणि पोलीस चालवत होते. म्हणजे एकाच पकडलेल्या होडीची नोंद तीन ठिकाणी होऊ शकते: भारतीय पलटणीच्या रोजनिशीत, अमेरिकन लष्करी प्रशासनाच्या अहवालात आणि जपानी पोलिसांच्या कागदात. वरवर ही अडचण आहे. नीट पाहिले तर हाच या प्रकल्पाचा आधार आहे, कारण तिन्ही नोंदी समोरासमोर ठेवता येतात.

कागद कुठे आहेत, आणि तिथे काय बिघडते

ताबा-सत्तेच्या मुख्यालयाचे कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कॉलेज पार्क येथे रेकॉर्ड ग्रुप ३३१ मध्ये आहेत. त्यांचा मोठा भाग टोकियोच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात, आधुनिक राजकीय इतिहासाच्या कागदपत्रांच्या दालनात, सूक्ष्मचित्रांवर पाहता येतो. उमेदवाराने आधी कॉलेज पार्कसाठी चाळीस दिवस धरले होते. ते दहावर आणले. जे टोकियोत वाचता येते त्यासाठी अटलांटिक ओलांडू नये. टोकियोच्या सूचीत मूळ अमेरिकन खोके आणि फोल्डर यांचे क्रमांक दिलेले असतात. टिपण करताना दोन्ही क्रमांक लिहावेत, नाहीतर लेख छापताना तळटीप कोणत्या पद्धतीने द्यायची यावर आठवडे जातात. कॉलेज पार्कचे दहा दिवस अमेरिकेच्या आठव्या सैन्याच्या आणि स्थानिक लष्करी प्रशासन तुकड्यांच्या त्या कागदांसाठी, जे ३३१ च्या बाहेर इतर गटांत आहेत. तिथे एका वेळी खोक्यांचा एकच गाडा मिळतो, आणि खोकी ठराविक वेळांनाच बाहेर येतात. गोपनीयता उठवल्याची चिठ्ठी प्रत्येक छायाचित्रात दिसली पाहिजे. ती विसरली की संध्याकाळी दोनशे छायाचित्रे पुन्हा काढावी लागतात.

त्याच गावात मेरीलँड विद्यापीठात प्रांगे संग्रह आहे. १९४५ ते १९४९ या काळात सेन्सॉरकडे गेलेली जपानी वृत्तपत्रे, मासिके, पुस्तके. इथे एक सापळा आहे. ताबा-सैन्याविषयी प्रतिकूल काही छापायला मनाई होती, म्हणून स्थानिक वृत्तपत्रात भारतीय सैनिकांबद्दल तक्रार दिसत नाही, याचा अर्थ तक्रार नव्हती असा होत नाही. छापून आलेल्या मजकुरापेक्षा सेन्सॉरने खोडलेला मजकूर इथे जास्त बोलतो. प्रांगेतली वृत्तपत्रे आणि मासिकेही टोकियोच्या ग्रंथालयात पाहता येतात.

राष्ट्रकुल सैन्याच्या मुख्यालयाच्या कागदांसाठी कॅनबेरातले ऑस्ट्रेलियन युद्ध स्मारक. ब्रिटिश बाजूसाठी लंडनच्या क्यू भागातले ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागार. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आणि राष्ट्रीय अभिलेखागार. राष्ट्रीय अभिलेखागारात मागणीची चिठ्ठी ‘एन.टी.’ शेरा मारून परत येण्याचा अनुभव सर्वांना आहे: सूचीत नाव आहे, पण फाईल मंत्रालयाकडून हस्तांतरित झालेलीच नाही. म्हणून सूचीतले वीस क्रमांक म्हणजे वीस फाईली, असा हिशेब करू नये. शिवाय फाळणीत पहिली पंजाब रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. तिन्ही पलटणींचा इतिहास आज एका देशात सापडेल अशी अपेक्षाच चूक. आराखड्यात हे स्पष्ट लिहिले आणि प्रश्न पलटणीच्या रोजनिशीवर एकट्यावर टांगला नाही.

आता कागद हाती आल्यावर काय होते ते. तारखा आधी. जपानी पोलिसांचा कागद शोवा वर्षात, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीनुसार मोजलेल्या वर्षात, असतो. शोवा २१ म्हणजे १९४६. लष्करी तारांमध्ये बहुधा ग्रीनिच वेळ असते आणि तिच्यापुढे ‘झेड’. जपान त्याच्या नऊ तास पुढे. ‘२५१९००झेड’ म्हणजे २५ तारखेला ग्रीनिचचे सायंकाळचे सात, पण जपानी किनाऱ्यावर तेव्हा २६ तारखेचे पहाटेचे चार. होड्या रात्रीच येत. म्हणून एकच होडी तारेत २५ ला आणि पोलीस कागदात २६ ला पकडलेली दिसते, आणि बेसावध संशोधक दोन होड्या मोजतो. सगळ्या वेळा जपानी वेळेत बदलून मगच तक्त्यात भराव्यात, आणि मूळ नोंद शेजारच्या रकान्यात जशीच्या तशी ठेवावी.

नावे त्याहून अवघड. किम आडनावाचा माणूस जपानी उच्चाराने ‘किन’ होतो, पाक ‘बोकु’ होतो, ई ‘री’ होतो. १९४० पासून वसाहती सत्तेने जपानी धर्तीची आडनावे घ्यायला लावली होती, त्यामुळे तोच किम ‘कानेदा’ किंवा ‘कानेमोतो’ म्हणूनही नोंदलेला असतो. अमेरिकन कारकुनाने ऐकून रोमनमध्ये लिहिलेल्या नावावरून मूळ अक्षर परत मिळवता येत नाही. यावर उपाय एकच: नावावरून जुळवणी करायची नाही. होडी, तारीख, ठिकाण, माणसांची संख्या या चार गोष्टी जुळल्या तरच नोंद एक मानायची. व्यक्तींची नावे प्रकाशनात बदलायची, कारण वंशज जपानमध्ये आहेत आणि ‘बेकायदा प्रवेश’ हा ठपका आजही दुखावतो.

जपानी हस्ताक्षराचा प्रश्न उमेदवाराने आधी टाळला होता. एन-टू परीक्षेत आजची सुटसुटीत अक्षरे येतात. १९४६ चे कागद अक्षरसुधारणेच्या आधीचे, जुन्या रूपांतले. त्यात प्रांतिक पोलिसांचे बरेच कागद कार्बनवर हाताने लिहिलेले. मुलाखतीत असे एक पान समोर ठेवले जाऊ शकते. म्हणून अर्जाआधी तीन महिने जुन्या अक्षररूपांचा सराव आणि रोज एक हस्तलिखित पान, असा क्रम लावला आणि पत्रात त्याचा एका वाक्यात उल्लेख केला.

दिवसांचा हिशेब

पहिल्या मसुद्यात ‘दिवसाला तीनशे छायाचित्रे’ असे होते. १३० दिवसांत ३९,००० छायाचित्रे होतात. टंकलिखित इंग्रजी पाने दिवसाला साठच्या वेगाने वाचली तरी ६५० दिवस लागतील, आणि २४ महिन्यांत सुट्ट्या वजा जाता कामाचे दिवस सुमारे ४८०. म्हणजे संशोधक छायाचित्रे काढतच पोस्टडॉक संपवतो. हे फार जणांचे होते.

दुरुस्त हिशेब असा: टोकियो ६० दिवस, ओकायामा आणि मात्सुए ही जपानी प्रांतिक शहरे २०, कॅनबेरा १५, दिल्ली १५, क्यू १०, कॉलेज पार्क १०. एकूण १३०. छायाचित्रांची मर्यादा ९,०००, म्हणजे दिवसाला सरासरी सत्तर. त्यांतली ८,४०० टंकलिखित, साठच्या वेगाने १४० दिवस. उरलेली ६०० जपानी हस्तलिखित पाने, दिवसाला सहा, म्हणजे १०० दिवस. प्रवास आणि वाचन मिळून ३७०. लेखनाला ११० दिवस उरतात. त्यांत दोन लेख बसतात, पुस्तक बसत नाही. म्हणून आराखड्यातून ‘पुस्तकाचे हस्तलिखित’ काढून ‘दोन लेख आणि पुस्तकाचा प्रस्ताव’ असे केले. पहिला लेख बाराव्या महिन्यात सादर करायचा, कारण पुढच्या नोकरीचे अर्ज अठराव्या महिन्यापासून सुरू होतात आणि तोवर निदान एक लेख परीक्षकांकडून परत आलेला हवा.

शिफारसपत्रांबद्दल थोडेच. दोन्ही पत्रे प्रबंधाच्या मार्गदर्शकांच्या वर्तुळातली असू नयेत. एक पत्र जपानी कागद वाचता येतात याची साक्ष देणाऱ्या व्यक्तीचे हवे. यजमान प्राध्यापकांना आराखडा मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी पाठवावा. जपान सोसायटी फॉर द प्रमोशन ऑफ सायन्सच्या पोस्टडॉक शिष्यवृत्तीचा पर्यायही याच वेळी हाताळता येतो. तिथे मुदत १२ ते २४ महिने, पीएचडी सहा वर्षांच्या आतली, आणि अर्ज जपानमधला यजमान संशोधक त्याच्या संस्थेमार्फत करतो. म्हणजे यजमानाशी आधी पत्रव्यवहार झालेला नसेल तर तो दरवाजाच उघडत नाही.

मुलाखत आणि उरलेले प्रश्न

मुलाखतीच्या तयारीत दोन प्रश्न सर्वांत जास्त वेळ खाऊन गेले. राष्ट्रकुल ताबा-सैन्यावर ऑस्ट्रेलियन इतिहासकारांनी भरपूर लिहिले आहे, मग नवे काय? उत्तर ‘भारतीय बाजू’ एवढेच दिले तर ते अपुरे आहे. नवेपण तीन नोंदींच्या जुळवणीत आहे: एकाच होडीविषयी पलटण, लष्करी प्रशासन आणि जपानी पोलीस काय लिहितात, आणि कोण ‘परतणारा’ म्हणतो, कोण ‘घुसखोर’. शब्दाची निवड कोणत्या महिन्यात, कोणत्या कार्यालयात बदलली, हे दाखवता येते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. कोरियन माणसे स्वतः काय म्हणत होती? उमेदवाराला कोरियन येत नाही. ते लपवले नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये स्थापन झालेली आणि १९४९ मध्ये विसर्जित केली गेलेली जपानमधली कोरियनांची संघटना, तिच्या भोवतीची कोरियन भाषेतली वृत्तपत्रे प्रांगे संग्रहात आहेत. त्यासाठी पहिल्या वर्षी कोरियन वाचनाचा वर्ग आणि दुसऱ्या वर्षी कोरियन वाचणाऱ्या सहायकाचे चाळीस तास, असे अंदाजपत्रकात मांडले. चाळीस तासांत सगळे होत नाही. जून ते डिसेंबर १९४६ चे निवडक अंक तेवढे होतात. आराखड्यात तेवढेच लिहिले.

मराठीचा उपयोग कुठे? जंगी पलटणीतल्या शिपायांनी घरी लिहिलेली पत्रे, निवृत्तीनंतर सांगितलेल्या आठवणी सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांत असू शकतात, आणि बेळगावला रेजिमेंटचे केंद्र आहे. असा स्रोत हाती लागला तर तो वाचण्याची पात्रता या क्षेत्रात फार थोड्यांकडे आहे. पण अजून पाहिलेल्या नसलेल्या पत्रांवर आराखडा उभा करता येत नाही. म्हणून त्यांना पाच पानांपैकी चौथ्या पानावर एक परिच्छेद मिळाला: केंद्राकडे लेखी विनंती पहिल्या महिन्यात, कुटुंबांकडे चौकशी दिल्लीच्या पंधरा दिवसांना जोडून. पत्रे मिळाली तर तिसरा लेख. नाही मिळाली तर पहिल्या दोन लेखांतला एकही दावा त्यांच्यावर अवलंबून नाही.